टर्नबीसाहेबांची घागर

ज्येष्ठातल्या भर दुपारी कापसाच्या जिनाचा शिपाई शाळेत आला आणि दारातूनच म्हणाला, "मास्तर, टर्नबीसाहेब गेले." ऊन लागल्याचं निमित्त, दोन दिवसांत आटोपलं. समोर मुलं होती, म्हणून मी फळ्याकडे तोंड फिरवलं... पण खडू काही चालेना.

साहेब अमळनेरला कापसाच्या जिनाची यंत्रं बसवायला आले आणि वीस वर्षं राहिले. विलायतेत त्यांची ओळख निराळी. तिथली साप्ताहिकं त्यांच्या विनोदी गोष्टींची वाट पाहत. तीन पुस्तकं निघाली. तिन्हींत फजिती होते ती गोऱ्या साहेबाचीच; भाजीवाली त्याला गंडवते, गाढवसुद्धा त्याला शहाणपण शिकवतं. मी त्यांना मराठी शिकवी आणि ते मला खर्डे वाचून दाखवीत, अगदी सुतकी चेहऱ्याने. मी हसलो नाही की पान फाडलंच! माझ्या ठोंबेपणापायी किती चांगली पानं गेली, देव जाणे.

यंदा आखाजीला, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात त्या दिवशी, साहेब आमच्याकडे जेवायला होते. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, त्यांची दया आली. ह्यांच्या बापाला इतक्या लांब पाणी कोण देणार? तिने एक घागर जास्त भरली, रीतीप्रमाणे तिच्यावर आयत्या वेळी आणलेलं खरबूज ठेवलं आणि मोठ्याने नाव घेतलं ते जिनवाल्या टर्नबीसाहेबांचंच! मी ओरडलो तेव्हा म्हणाली, "त्यासना बापनं नाव माले काय माहीत?" जित्या माणसाची घागर... केवढा अपशकुन! साहेबांनी मात्र ती उचलली, घटाघटा प्यायले, वरचं खरबूजही खाल्लं आणि म्हणाले, "स्वतःच्या हाताने पाणी पिणारा पहिला पितर मीच." त्यानंतर महिनाभरातच ते गेले.

अक्काने अन्न टाकलं. साहेब बसत त्या पडवीतल्या खुर्चीकडे बघून एकच विचारी, "साहेब, मी मारी टाकं का तुमले?" मी खूप समजावलं. पण माझ्याही मनात पाल चुकचुकत होती, आणि ते तिला कळत असावं.

गेल्या आठवड्यात साहेबांचे कागद माझ्याकडे आले. वरचाच खर्डा आखाजीनंतर लिहिलेला. त्यात गोष्टीतला साहेब मरतो आणि पितर होऊन आमच्या पडवीत पाणी प्यायला येतो. दारात एक बाई उभी आहे. ती विचारते, इंग्रजी अक्षरांत पण खानदेशीतच... "साहेब, मी मारी टाकं का तुमले?"

शब्दन् शब्द तोच. खाली पितराचं उत्तर होतं. मी ते अक्काला वाचून दाखवलं.

"नही, अक्का. पानी गोड व्हतं. घागरवरनं खरबूज तेवढं कच्चं व्हतं."

अक्का खुर्चीकडे वळली. मग पदराने डोळे पुसून खुर्चीलाच म्हणाली, "कच्चंच व्हतं, साहेब. घाईमा लिधं व्हतं."

आणि आत जाऊन तिने ताट वाढून घेतलं.