आसूढाळ घोडी

सकाळी डोक्यावरचा गवताचा भारा अंगणात टाकताना मी रोज एकच वाक्य बोलते, "विका ही घोडी एकदाची." नवरा अंगणात चहा पीत असतो, तो नुसता 'हूं' म्हणतो. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. मध्यंतरी मात्र मी विळा टाकून बांधावरच बसले. गुडघा वळेना, आणि खरं सांगायचं तर उठावंसंही वाटेना. त्या दिवशी त्याने माझं बोलणं मनावर घेतलं.

घोड्यांचं वेड पाचगणीचं. वडील तिथल्या एका बोर्डिंग शाळेत स्वयंपाकी होते. शाळेच्या पोरी पठारावर घोड्यावर बसायला जायच्या आणि मी घोडा धरायला जायचे. बसायला पैसे पडत, धरायला पडत नसत. संध्याकाळी पर्यटक पांगले की घोडेवाले दमलेले घोडे खाली नेत, त्यातल्या एखाद्याचा लगाम माझ्या हातात देत. घोड्याचा गरम श्वास मानेवर घेत उतार उतरायचा, यापलीकडे मला आयुष्यात काही नको होतं. आई म्हणायची, पोरीच्या अंगाला घोड्याचा वास येतोय, हिला कोण करून घेणार?

करून घेणारे निघाले ते खाली सांगली जिल्ह्यातले, कृष्णाकाठचे. मुलगा फौजेत, घरचा ऊस. वडील घर बघून आले आणि आईला म्हणाले, "जमीन चांगली हाय, माणसं बरी हायत." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आन् दारात घोडी हाय." त्यापुढचं मी काही ऐकलंच नाही. मुलाचा फोटोसुद्धा नंतर कधीतरी सावकाश पाहिला.

घोडी चुलत सासऱ्यांची होती. आमच्या दारात लिंबाची सावली बरी, म्हणून ते तिला तिथे बांधत. लग्नाची वरात झाली आणि अंगावरची हळद उतरायच्या आत ते तिला आपल्या मळ्यावर घेऊन गेले. फसवलं कुणीच नव्हतं. वडिलांनी विचारलं नव्हतं, सासरच्यांनी सांगितलं नव्हतं. मी सकाळी पाण्याची बादली घेऊन बाहेर आले आणि रिकामा खुंटा बघत उभी राहिले. नवऱ्याला सगळा प्रकार कळला तेव्हा तो पोट धरून हसला. "म्हंजे तू लगीन घोडीसंगं केलंस व्हय?" मला रडू येत होतं आणि हा हसतोय म्हणून रागही येत होता. मग त्याची सुट्टी संपली आणि तोही गेला.

चुलत सासऱ्यांना माझी दया आली असावी. म्हणाले, "लसूणघास लाव गं. मी घोडी चारायला आणतो हिकडं." मी उसाच्या कडेला घासाचा एक वाफा केला. घास वाढवायचा तर पाणी पाजायला हवं, म्हणून एका सरीतून दुसरीत पाणी वळवायला शिकले. घोडी खरंच रोज यायची. पण पुढे माझ्या सख्ख्या सासऱ्यांनी अंथरूण धरलं, नवरा सीमेवर, आणि घरच्यांना आठवलं की सुनेला पाणी पाजता येतं. वाफ्याचं शेत झालं. उसाची लागण, भरणी, खत, ऊसतोडीच्या टोळीमागे हेलपाटे. घोडीच्या नादाने अख्खी शेती माझ्या गळ्यात पडली. माहेरच्यांना वाटतं, मला मातीची ओढ. कसली ओढ! उसाचं पान हाताला चरचरीत कापतं, आणि इतक्या वर्षांत त्या पानाला माझी ओळख पटलेली नाही.

नवरा पेन्शनवर आला त्या वर्षी घोडेबाजारातून एक पांढरी घोडी घेऊन आला. लहानशी, लाजरी. मी तिच्या मानेत तोंड खुपसलं. चुलत सासरे तोवर जिवंत होते. घोडा पारखणारे दातांच्याही आधी केसांचे भोवरे बघतात, तसं त्यांनी तिच्या डोळ्याखाली बोट फिरवलं आणि हात झटकला. "आसूढाळ हाय ही! आसवं ढाळत्यात तिथंच भवरा. मालकाला रडवती असली घोडी. परत देऊन ये." नवऱ्याला ते बाजारातच कळलं होतं. तो म्हणाला, "आवं, गोळीला भ्यालो न्हाई, केसाला भिऊ व्हय? आन् रडायला ही हाय की." असं म्हणून त्याने दोर माझ्या हातात दिला.

आता ती थकली, मीही थकले. परवा नवरा गिऱ्हाईक घेऊन आला. कराडकडचा तरणा माणूस, लग्नाच्या वरातींना घोडे देणारा. बँडच्या आवाजाला न बुजणारी पोक्त घोडी त्याला हवी होती. त्याने खूर उचलून बघितले, दात बघितले, तिला चार पावलं चालवली. जनावर पसंत होतं. मी दोर धरून उभी होते.

"डोळ्याखाली बघितलं का?" मी म्हणाले. "आसूढाळ हाय. मागनं म्हणशीला, सांगितलं न्हाई."

तो हसला. "काकी, वरातीत तोंडावर गोंडे असत्यात. कोण बघतंय? आन् मी असलं काय मानत न्हाई."

सकाळपासून मी त्या एका भोवऱ्यावर भिस्त ठेवून होते. दुसरं कुठलंच कारण माझ्याजवळ नव्हतं. गुडघा खरा होता, दमणं खरं होतं, ती गेली तर मला उजाडेपर्यंत झोपता येईल हेही खरं होतं.

"न्हाई द्यायची मला," मी म्हणाले.

"अगं, रोज तूच म्हणतीस की," नवरा म्हणाला.

"म्हणते. उद्याबी म्हणीन." एवढं बोलले आणि परक्या माणसासमोर मला हुंदका फुटला. पदर तोंडाला लावला तरी थांबेना.

नवऱ्याने माझ्या हातातून दोर घेतला आणि घोडी पुन्हा खुंट्याला बांधली. मग माझ्याकडे न बघता त्या पाहुण्याला म्हणाला, "चहा घ्या आन् जावा, पावणं. आमचा म्हातारा चुलता खरं सांगत हुता. आसूढाळच हाय ही."