अड्यारच्या पुलापुरतं इंजिन

कुठलंही यंत्र दिसलं, की राव आधी त्याच्यावर तळहात ठेवत. पोराला ताप आहे का बघावं तसे. पंखा असो, मिक्सर असो, नाहीतर शेजाऱ्याची मोटारसायकल. मग डोळे मिटून निदान सांगत आणि ते बहुधा चुकायचं. "परवाइल्लै," म्हणून हसत. तमिळमध्ये म्हणजे, असू दे, काही बिघडलं नाही. बिघडलेलं तर समोर दिसत असायचं!

मी साताऱ्याहून चेन्नईला गाड्यांच्या कारखान्यात लागलो. मोबाइल तेव्हा नुकते खिशाखिशांत आले होते. अड्यारला मी रावांचा भाडेकरू. ते तंजावरकडचे मराठी, विमा कचेरीतून निवृत्त झालेले. "जेविलांत का?" असं विचारत आणि पुढच्या वाक्याला सरळ तमिळमध्ये शिरत. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली मामी म्हणायची, मग मीही.

एन्नोरच्या एका मित्राकडून त्यांनी जुनी मिनी बाइक घेतली होती. चाकं परातीएवढी, सीट पाटाहून जरा उंच. राव बसले की गुडघे कानाशी यायचे. पण गाडी होती मामींसाठी. गुडघेदुखीमुळे बसची पायरी त्यांना चढवत नव्हती, आणि रिक्षा एकदा उलटल्यापासून तिच्यात त्या पाय ठेवत नव्हत्या. या गाडीवर मात्र नुसतं टेकायचं.

दर शुक्रवारी दोघं मैलापूरला मामींच्या थोरल्या बहिणीकडे जात. अक्कांची स्मृती हळूहळू जात चालली होती. अड्यारचा पूल आला, की गाडी धापा टाकून थांबे. मामी उतरत, डबा घेऊन चढ चालत, राव पलीकडे वाट बघत. पुढेपुढे तेवढंही चालणं होईना. दोन शुक्रवार चुकले.

"अक्का मज विसरेल," मामी एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

रावांनी दुसऱ्या दिवशी पुदुपेट्टैच्या जुन्या बाजारातून शंभर सीसीचं इंजिन आणलं. मला म्हणाले, "बसवूं या?"

मी कारखान्यात ब्रेक तपासणारा माणूस. मी हात जोडले. "अहो राव, बोकडाच्या अंगात बैलाचं काळीज बसेल का?"

"परवाइल्लै. थोडें कापूं."

नाही म्हणायला मला जमलं नाही, कारण आतून मामी ऐकत होत्या. वेल्डिंगवाल्याकडून सांगाडा रुंद करून घेतला, टाकी वर उचलली. चेन सारखी उतरायची. रावांनी गजऱ्याचा दोरा ताणून दोन्ही दातेरी चक्रं एका रेषेत आणली. मोठे ब्रेक मी हट्टाने बसवले. मग राव मामींना वजन विचारायला गेले. बाईमाणसाने सांगावं तसं, जरा हात राखून, त्यांनी ते सांगितलं. तेवढा तांदूळ पोत्यात भरून, मागे बांधून, राव गल्लीत फेऱ्या मारून आले. गाडी पळाली!

शुक्रवारी रीतीप्रमाणे चाकांखाली लिंबं ठेवली. मामी मागे बसल्या. रावांनी क्लच सोडला, लिंबं चिरडली, आणि पुढचं चाक वर आभाळाकडे गेलं. मामी अलगद रस्त्यावर बसल्या. गाडी रावांना घेऊन कुंपणाला धडकली.

"परवाइल्लै," राव कुंपणातून म्हणाले.

"तुमचें परवाइल्लै तुमच्याजवळ ठेवा!"

घरात अबोला सुरू झाला. एका सकाळी राव तांदळाचं पोतं पुन्हा सीटवर ठेवून गाडीपाशी डोकं धरून बसले होते. मामी लंगडत बाहेर आल्या, सीटवरच्या पोत्याशेजारी तांदळाची आणखी एक चांगली जाडजूड पिशवी ठेवली, आणि आत गेल्या. राव त्या पिशवीकडे बघून हसत सुटले. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मागची सीट पुढे सरकवली. पुढच्या टोपलीत मामींचा जड वरवंटा बांधला. त्यामुळे शुक्रवारची चटणी मिक्सरात होऊ लागली आणि रावांना ती आवडेनाशी झाली, पण बोलायची सोय नव्हती.

पुलावर मी मागून माझ्या गाडीने गेलो. चढ लागताच मामी ओरडल्या, "अय्यो, मी उतरूं का?" रावांनी मूठ आणखी पिळली. पिठाच्या गिरणीसारखा आवाज करत गाडी चढली आणि पलीकडे उतरलीसुद्धा. मला भर रस्त्यात टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्यानंतर रावांनी एक शुक्रवार चुकवला नाही.

राव गेले ते झोपेतच. तेरावं झालं, आणि पुढच्या शुक्रवारी मी मामींना कारने मैलापूरला नेलं. अक्का दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. स्वतःच्या मुलाला त्या आता ओळखत नव्हत्या. मामींना बघताच त्यांनी हात पुढे केला, नावाने हाक मारली. मग मान वाकडी करून आमच्या मागे, फाटकाकडे पाहत राहिल्या.

"ते कोठें? गाडी लावतात का?"

मामींनी त्यांचा हात हातात घेतला.

"होय अक्का," त्या म्हणाल्या, "गाडी लावतात."