समोरील मोकळ्या जागेसह

“समोरील मोकळ्या जागेसह,” असं मी मसुद्यातून वाचलं आणि घरमालक ज्ञानोबामामांनी मशीनकडे नेलेला अंगठा मागे घेतला.

“मोकळी? कोन म्हन्लं मोकळी?”

मी घनसावंगीत भाडेकरार ऑनलाइन नोंदवून देतो. त्यासाठी मालक आणि भाडेकरूला समोरासमोर यावं लागत नाही. दोघांनी आपापल्या गावी मशीनवर अंगठा दिला की पुरतं. भाडेकरू परब सिस्टर, इथल्या रुग्णालयात बदली झालेल्या नर्स, सावंतवाडीत होत्या. घर त्यांनी व्हिडिओ कॉलवर पाहिलं होतं. सकाळी अंगठाही दिला होता. जुनं क्वार्टर सोडलं होतं आणि सामान टेम्पोत चढलं होतं.

मामा म्हणाले, “पाऊसकाळात भावाची मेंढरं येत्यात. बसायला तीच जागा. बाप व्हता तवापासून.”

“मग आधी का नाही सांगितलं?”

“तुम्ही घराचं इचारलं. मेंढरं काय घरात बसत्यात का?”

मी सिस्टरना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“काका, मेंढरं किती?”

“मोजत नसत्यात, बाई.”

“मग मी स्कूटी कुठे लावू?”

“लावा की बिलकुल. मेंढरं सरकून बसत्यात.”

“आणि कुत्रे? कळपाबरोबर असतीलच.”

“हायती दोन. वळखीच्याला काय करत न्हाईत.”

“आणि ओळख होईपर्यंत? मी रात्रपाळीला असताना माझी मुलगी एकटी शाळेत जाणार. मला नको हे घर.”

“सामान भरून कुठं जाता आता?”

“ते मी बघते, काका.”

मामांनी टोपी काढली, परत घातली. या घरात वर्षभर कोणी राहिलं नव्हतं.

“लिवा मंग,” ते मला म्हणाले. “कुत्रे बांधून ठिवीन. गेटपासून दारापर्यंत वाट मोकळी. रोज झाडून दीन. पर मेंढरं बसनार.”

“लिहा,” फोनवरून आवाज आला.

मसुदा बदलला की आधीचा अंगठा बाद होतो. सिस्टरनी पुन्हा दिला, मामांनी पहिल्यांदा. संध्याकाळी टेम्पो निघाला.

पावसाळ्यात कळप आला. कुत्रे बांधलेले होते, वाट झाडलेली होती. सिस्टरचा फोन एकदाच आला.

“सर, कुंड्यांसाठी दोन टोपल्या लेंड्या घेतल्या. काका म्हणतात, खत आमचं. करारात काय आहे?”

मी करार उघडून पाहिला. त्यात मेंढरं होती, कुत्रे होते, झाडू होता. खत नव्हतं. मेंढ्यांचं खत इथे शेतकरी विकत घेतात, हे मला माहीत होतं. तरी करारात घालायचं सुचलं नाही.

सिस्टरनी पुढच्या वर्षीही तेच घर घेतलं. नव्या करारात मामांनी स्वतः कलम घालायला लावलं: दोन टोपल्या भाडेकरूच्या, बाकी मालकाच्या.

सह्या लांबून होतात. अंगण मात्र जाऊन बघावं, शक्यतो पावसाळ्यात.