दोन निळ्या रेघांमधली काकू

नानाकाका गेल्याचं मला कमलकाकूनेच सांगितलं, हातांनी. मी गिरगावच्या चाळीत पोचले तेव्हा जिन्यात तीन शेजारणी सांगायला टपल्या होत्या; काकूने त्यांना बाजूला सारलं. नवरा तिचा, तेव्हा बातमीही तीच देणार. काकू जन्मापासून बहिरी, आणि तिच्याइतकी बोलकी बाई मी पाहिलेली नाही.

तिची धाकटी बहीण सुमनमावशीही तशीच. ती लग्न होऊन बडोद्याला गेली आणि काकूचं बोलणंच खुंटलं. दोघींची भाषा हातांची. पत्र ‘आम्ही खुशाल आहोत’च्या पुढे सरकेना. काकू झुरायला लागली तेव्हा तिचं हातांचं बोलणं रिळातून बडोद्याला धाडायला नानांनी कुठूनसा जुना, चावीचा सिनेकॅमेरा पैदा केला. पहिलं रीळ धुऊन आलं, अख्खी चाळ खोलीत जमली आणि भिंतीवरच्या धोतरावर काकूचा चेहरा उमटला... फोटोत असतो तसा, हनुवटीपर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू उठली, नानांच्या तोंडावर तळवा दाबला आणि दुसऱ्या हाताने म्हणाली, “आता बोला.” नाना असे ओशाळले की दुसऱ्याच दिवशी त्यांनी भिंतीवर दोन निळ्या रेघा मारल्या, एक डोक्याच्या वर, एक कमरेखाली. काकूचे हात त्यांच्या बाहेर जाता कामा नयेत. हात उठून दिसावेत म्हणून गडद लुगडंही तेव्हापासूनच.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. काकू गॅलरीतून मोर्चे बघायची आणि मग रेघांमध्ये उभी राहून अख्खा मोर्चा करून दाखवायची: वळलेल्या मुठी, पोलीस, आणि पळापळीत एक चप्पल गमावलेले आमचे नाना. पण चावी जेमतेम अर्धा मिनिट चाले. ती संपली की नाना हात वर करत आणि काकू वैतागून पुढे बोलतच राही. बडोद्याहून एका ओळीचं पत्र आलं, ‘भावोजींची चप्पल सापडली का?’ त्याच्या उत्तराचं रीळ काही नानांनी कधी घेतलं नाही. राज्यं वेगळी झाली तेव्हा मात्र काकूने बहिणीला रिळातून बजावलं की आता तू परराज्यातली, रिकाम्या हाताने यायचं नाही.

तेराव्यानंतर काकूने कॅमेरा माझ्या हातात दिला आणि गडद लुगडं नेसून रेघांमध्ये उभी राहिली. सुमनमावशीलाही तीच सांगणार होती. नाना कसे गेले ते तिने सांगितलं, डोळे पुसले, आणि मग तिच्या हातांनी पळायला सुरुवात केली... मोर्चा, नाना, एक पाय अनवाणी. मी रडत होते की हसत होते, मलाच कळेना. तेवढ्यात चावी संपली. मी नानांसारखा हात वर केला. काकू तरातरा आली, माझ्या हातातल्या कॅमेऱ्याची चावी घट्ट पिळली आणि परत जाऊन उभी राहिली.

चप्पल अजून सापडायची होती.