पुढे धरलेला पदर

ओटी घेण्यासाठी पुढे धरलेले पदर मी कितीतरी पाहिलेत. परवाचा रेवाचा पदर मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

महेशच्या बहिणीचं लग्न होतं. महेश आमच्या संघटनेची पत्रकं लिहितो. ‘माणूस स्वतःला जे म्हणवतो, तेच आपण त्याला म्हणायचं,’ हे वाक्य त्याचंच. ती पत्रकं रेवाने आणि मी भर उन्हात चौकाचौकात वाटली होती. मुलगा म्हणून वाढवलेली रेवा त्या वाक्याच्या भरवशावर पहिल्यांदाच साडी नेसून चारचौघांत आली होती.

महेशची आई नारळ-तांदूळ घेऊन समोर आली. “ये गं पोरी, पदर धर.” रेवाने दोन्ही हातांनी पदर पुढे केला. तेवढ्यात महेशने शेजारी उभ्या असलेल्या आपल्या काकांकडे पाहिलं आणि तो हसला. “आई, अगं तो मुलगा आहे. त्याला टॉवेल-टोपी दे.”

सगळा मांडव हसला. आई गोंधळून मागे फिरली.

विरोधकांच्या शिव्या मी ऐकून घेते, त्यासाठी मनाची तयारी असते. पण माणुसकी लिहिणारा हात काकांच्या एका नजरेला घाबरला, तर घोषणा कुणाविरुद्ध द्यायची? पत्रक चौकात वाटणं सोपं, स्वतःच्या घरी वाचून दाखवणं अवघड, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

महेश जवळ येऊन पुटपुटला, “रेवा, समजून घे गं. घरचे आहेत सगळे.”

“हे ‘गं’ मोठ्याने म्हण ना,” रेवा म्हणाली.

त्याने पुन्हा काकांकडे पाहिलं. रिकामा पदर अजून तिच्या दोन्ही हातांत होता.