कडी कुठून लागते

वाटूरच्या गोजरबाईंना जपान कळला तो तुतीचा पाला टाकता टाकता.

रेशमाच्या शेडमध्ये आजीनं अळ्यांना पाला घालायचा आणि नात अर्पितानं पालथ्या पाटीवर बसून बी.ए.चा इतिहास मोठ्यानं वाचायचा, असा दोघींचा रिवाजच पडला होता. परदेशी आगबोटी दारात आल्या तेव्हा जपान घाबरला. मग त्यानं शाळा काढल्या, रेल्वे टाकली, कारखाने उभारले, फौज नव्यानं बांधली. यंत्रं आणि जहाजं घ्यायला पैसा आला तो बराचसा रेशमातून.

"ह्याच अळ्यांच्या?" गोजरबाईंचा हात थांबला.

"ह्याच."

त्या दिवशी त्यांनी अळ्यांना जरा कौतुकानंच पाला घातला.

पुढच्या पानांवर जपाननं तैवान घेतलं, कोरिया घेतला.

"सोतावर आल्ती तवा घाबरला, अन् मंग दुसऱ्याच्या दारात तेच करून राह्यला," गोजरबाई म्हणाल्या.

मग पोरींचं आलं. कोषातून धागा काढायला खेड्यातल्या पोरी कारखान्यात नेल्या. दिवसभर कढत पाण्यात हात, आणि काही ठिकाणी रात्री खोल्यांना बाहेरून कुलूप.

"बंद कर ते पुस्तक."

नेमकं त्याच महिन्यात जालन्याच्या एका रेशीम कारखान्यात धागा काढायचं काम शिकायला अर्पिताची निवड झाली. सहा महिने तिथंच राहायचं होतं. गोजरबाई बिलकुल न्हाई म्हणाल्या.

"माय, ती शंभर वर्षांमागची गोष्ट हाय," अर्पिताचा बाप मच्छिंद्र म्हणाला.

"अळ्या बदलल्या का? पाणी थंड झालं का?"

"आजी, मंग तूच चल अन् बघ," अर्पिता म्हणाली.

अळ्या कात टाकायला निजल्या की पाला खात नाहीत. तेवढी सवड धरून गोजरबाई नातीबरोबर एसटीत बसल्या. कारखान्यात मुलींच्या राहण्याचं बघणाऱ्या मोनालीताईंनी चहा विचारला.

"चहा मंग. आधी खोली."

खोलीत खाटा होत्या, पंखा होता. गोजरबाई दाराशीच उभ्या.

"मावशी, काय बघून राह्यल्या?"

"कडी."

आतून होती. बाहेरूनही होती. त्यांनी बाहेरची दोनदा सरकवून पाहिली.

"ही कशाला?"

"मुली कामावर जाताना कुलूप लावतात."

"किल्ली कोणाजवळ?"

"जिची खोली, तिच्याजवळ."

गोजरबाईंनी कडीवरचा हात काढला. मग त्यांनी पिशवीत हात घालून घरचं पितळी कुलूप काढलं. निघताना कुणाला न सांगता त्यांनी ते घेतलं होतं. किल्लीसकट ते अर्पिताच्या हातात ठेवलं.

अर्पिता कुलपाकडे बघत म्हणाली, "आजी, त्या दिवशी तू मधीच पुस्तक बंद करायला लावलं. पुढं त्या पोरींनी संप केल्ता."

"मालकानं ऐकलं?"

"थोडं ऐकलं."

"थोडं तरी ऐकलं," गोजरबाई म्हणाल्या आणि खाटेवर टेकल्या. "आता आणा बाई चहा. पण जल्दी. सांजच्याला अळ्या उठतेत, अन् उठल्या की लई भुकेल्या ऱ्हातेत."