फूल येईपर्यंत थांबायला हवं होतं : किकवी ते पाली

वहिनी गेल्यापासून दत्तादादाचा फोन क्वचितच यायचा. त्या दिवशी आला. "मंगल, सुट्टी काढून ये. झाडांना लाल फळं धरल्यात." स्वारगेटहून एसटी धरली आणि किकवीला उतरले. सकाळीच निघा, बसायला जागा मिळते.

दादाच्या रानात ॲस्परॅगस आहे. शतावरीच्या जातीची ही विलायती भाजी, हॉटेलवाले तिचे कोवळे कोंब घेतात. वहिनीने बी टाकून रोपं केली, स्वतः लावली आणि पहिली तोडणी व्हायच्या आतच ती गेली. आता निम्म्या रानात लाल मणी लटकले होते. ही मादी झाडं. सगळी ताकद फळात, कोंब कमी, आणि फळं गळून तणासारखी रोपं उगवतात ती वेगळीच.

राजगडाखालच्या पालीच्या सुलाताईंना हे पीक साधलंय असं कळलं, म्हणून दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर निघालो. नसरापूरवरून वेल्ह्याचा रस्ता बरा आहे, मार्गासनीला चहासाठी थांबता येतं. पुढे राजगड दिसू लागतो. दादाने तिकडे एकदाही नजर वळवली नाही.

सुलाताईंची यंदाची रोपं अजून पिशव्यांतच होती. "फूल येस्तवर रानात लावायचंच न्हाई," त्या म्हणाल्या. लांबट फूल, आत पिवळे पराग, तो नर. बुटकं फूल, मधोमध हिरवी गाठ, ती मादी. "नर तेवढा लावायचा. कोंब लई देतो."

"आन् लावल्यावर कळलं तर?" दादाने विचारलं.

"मग मुळासकट काढायची, दादा."

त्यांनी पिठलं-भाकरी वाढली. दादा अर्ध्या भाकरीवरच उठला.

संध्याकाळी किकवीला त्याने एक झाड खणलं. जाड मुळं मातीतून निघता निघेनात. "हिनं एकेक मूळ बोटानं पसरून लावलं व्हतं," एवढं बोलून तो बांधावर बसला. मी कुदळ घ्यायला गेले, तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

पुण्यात परतल्यावर आठवड्याभराने फोन आला. "ट्रॅक्टर फिरवला."

"सगळ्यावर? नरसुद्धा?"

"व्हय. निवडत बसलो असतो तर हात चालला नसता."

तुम्ही हे पीक करणार असाल तर आधी पालीला जाऊन या, फुलं बघा, मगच लावा. मलाही तिकडे पुन्हा जावंसं वाटतं. पण नसरापूरच्या पुढे जाऊन किकवीला उतरायचा धीर होत नाही.